मेसची वही बँकेत चालते का?

बजाजनगरच्या कुठल्याही गल्लीत शिरा, दर चार-सहा घरांमागे एक पाटी दिसेल. ‘घरगुती मेस’, ‘पोळी-भाजी केंद्र’, ‘पिको-फॉल करून मिळेल’, ‘लेडीज टेलर’, ‘ब्यूटी पार्लर’. १९८५ साली छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला, त्याच्याभोवती सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्या उभ्या राहिल्या आणि बीड, जालना, परभणी, हिंगोली, बुलढाण्याची पोरं कामाला आली. या पोरांना खोली लागली, डबा लागला. डबा पुरवण्याचा धंदा बायकांनी उभा केला, घराच्या पुढच्या खोलीत, घरातल्याच भांड्यांवर. त्या धंद्याला गाळा नाही, जीएसटी नंबर नाही आणि बहुतेक वेळा मालकिणीच्या नावाचा एकही कागद नाही.

या बायकांना धंद्यासाठी कर्ज मिळतं का, यावर इथे दोन मतं ऐकू येतात. एक बँकेच्या काउंटरच्या आतलं, एक बाहेरचं. पुढे जे दोघे बोलतात ती कुणी ठरावीक माणसं नाहीत. या दोन मतांना मी तोंडं दिली आहेत. ‘साहेब’ हे राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त झालेले शाखाधिकारी. ‘ताई’ पाटोद्याकडून लग्न होऊन इथे आलेल्या, बरीच वर्षं मेस चालवलेल्या आणि आता बचत गटांचं काम बघणाऱ्या. अधूनमधून मीही बोलणार आहे. या वादात मी तटस्थ नाही, हे आधीच सांगून ठेवते.

साहेब : ताई, बाईला कर्ज मिळत नाही हे मला मान्य नाही. मुद्रा योजना ८ एप्रिल २०१५ ला आली. तिला दहा वर्षं झाली तेव्हा सरकारने हिशेब दिला. ५२ कोटी कर्जं, ३२ लाख कोटींहून जास्त रक्कम आणि लाभार्थ्यांत ६८ टक्के महिला. शंभरात अडुसष्ट! याहून जास्त काय करायचं बँकांनी?

ताई : तुमच्याच आकड्यांचा भागाकार करा साहेब. एका कर्जाला साठ-बासष्ट हजार पडतात. त्यात दहा लाखवालेही आले. आमच्या बाया कुठं आहेत? ‘शिशु’त, ५० हजारांच्या आत. पुढं ‘किशोर’ ५ लाखांपर्यंत, ‘तरुण’ १० लाखांपर्यंत, २०२४ पासून ‘तरुण प्लस’ २० लाखांपर्यंत. पायरी चढत जाल तशा बाया कमी होत जातात. खाती मोजली की आम्ही पुढं, रक्कम मोजली की मागं.

साहेब : धंदा छोटा म्हणून कर्ज छोटं. त्यात बाई-पुरुष कुठून आला?

ताई : आणि धंदा छोटा का राहिला, ते कोण विचारणार?

इथे एक माहिती द्यायला हवी. केंद्राच्या उद्यम पोर्टलवर ज्या उद्योगांची रीतसर नोंद आहे, त्यांत महिलांच्या मालकीचे उद्योग साधारण २० टक्के, म्हणजे पाचांत एक. पण जानेवारी २०२३ मध्ये अगदी लहान, कागद नसलेल्या धंद्यांसाठी ‘उद्यम असिस्ट’ नावाची वेगळी नोंदणी सुरू झाली. वर्षभराने सरकारने संसदेत आकडे दिले, तर तिथे महिलांचा वाटा ७० टक्क्यांच्या आसपास. दोन्ही आकडे एकाच देशाचे, एकाच काळाचे. कागद लागतो तिथे बाई पाचांत एक. कागद लागत नाही तिथे दहांत सात. धंदा करणाऱ्या बायका कमी नाहीत, त्यांचा धंदा कागदावर चढलेला नाही.

साहेब : मग चढवा ना कागदावर. कोण अडवतं? उद्यम नोंदणी फुकट आहे. अन्न सुरक्षेची नोंदणी आहे, लहान धंद्याला वर्षाला १०० रुपये. बँकेत चालू खातं उघडा. सहा महिन्यांचा व्यवहार दाखवा. माझ्याकडे बाया यायच्या त्या हात हलवत यायच्या. ‘साहेब, मेस आहे, कर्ज द्या.’ किती मेंबर? ‘असतील वीस-पंचवीस.’ महिन्याला किती उरतात? ‘उरतात की.’ आता या ‘उरतात की’वर मी कुठल्या रकान्यात काय भरू?

ताई : तिनं वही आणली असती तर वाचली असती तुम्ही?

हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो, म्हणून ती वही कशी असते ते सांगते. दोनशे पानी, लांबट, शाळेच्या सामानाच्या दुकानात मिळते ती. एका पानावर एक पोरगा. वर नाव, गाव, कंपनी, रूम मालकाचं नाव आणि मोबाइल. खाली १ ते ३१ तारखा. सकाळ आणि संध्याकाळ असे दोन रकाने, जेवला तर बरोबरची खूण, नाही जेवला तर ‘खा’. खा म्हणजे खाडा. काही जणी महिन्याला ठरावीक खाड्यांपर्यंत पैसे कापत नाहीत, काही जणी आधी सांगितलं तरच कापतात, आणि हा नियम पहिल्या पानावर लिहिलेला असतो. कोण फर्स्ट शिफ्टला, कोण नाईटला, डबा किती वाजता न्यायचा, हे शेजारी पेन्सिलने लिहिलेलं असतं, कारण शिफ्ट दर आठवड्याला बदलते. पानाच्या तळाशी ‘जमा’ आणि ‘बाकी’. वहीच्या शेवटच्या पानांवर किराणावाल्याचा हिशेब आणि सिलिंडर आणल्याच्या तारखा.

या वहीत धंद्याचं सगळं आहे. रोजचे ग्राहक आहेत, थकबाकी आहे, कोणत्या महिन्यात पोरं गावी जातात आणि जेवणारे निम्मे होतात तेही आहे. गाळ्यात बसलेल्या दुकानदाराकडे इतका बारीक हिशेब असेलच असं नाही. पण बँकेच्या अर्जात तिला जागा नाही.

साहेब : वही खरी असेल. पण वही कुणीही लिहू शकतं. बँकेला तपासता आली पाहिजे.

ताई : आता अर्धी पोरं फोनवरून पैसे पाठवतात साहेब. वहीतलं ‘जमा’ आणि खात्यातलं ‘जमा’ जुळवून बघा. पण अडचण कुठंय सांगू? तो क्यूआर नवऱ्याच्या नावाचा असतो. चिकटवलेला भिंतीला, मेसमध्ये. पोळ्या ती लाटते, पैसा त्याच्या खात्यात पडतो. मग सहा महिन्यांचं स्टेटमेंट काढलं की धंदा कुणाचा दिसतो? त्याचा.

साहेब : ही मात्र माझी तक्रार आहे, तुमच्यावरच. हे बँकेने केलेलं नाही. घरात केलेलं आहे.

ताई : मान्य. हे आम्हालाच मोडावं लागणार. गटात मी पहिलं तेच सांगते, क्यूआर तुझ्या नावाचा कर. निम्म्या जणी करतात. निम्म्या म्हणतात, घरात कटकट नको.

साहेब : मग ५० हजारांच्या पुढे कशाला पाहिजे मेसला? भांडी, शेगडी, टेबल-खुर्च्या. झालं.

ताई : तुम्ही मेस कधी चालवली नाही, म्हणून असं वाटतं. धरा, २५ मेंबर. दोन वेळच्या जेवणाचे २,८०० रुपये. महिन्याची उलाढाल झाली ७० हजार. पण हे पैसे येतात कधी? पोरांचा पगार ७ ते १० तारखेला. ठेकेदाराकडचा असला तर पंधरापर्यंत ओढतो. किराणा, तेल, गहू, १९ किलोचं सिलिंडर, भाजी, हे १ तारखेपासून सुरू. म्हणजे महिन्याचे पहिले दोन-तीन आठवडे मी माझ्या पैशानं पंचवीस जणांना जेवू घालते. चाळीस हजार तिथंच अडकतात, कायमचे. मग ५० हजारांत पोळीचं मशीन कशातून घ्यायचं? डीप फ्रीज कशातून? एखादा पोरगा काम सुटलं की रात्रीतून बॅग उचलून जातो, त्याचे तीन हजार बुडाले ते कशातून भरायचे? हे भरून काढायला किराणावाला आहे. उधारीवर देतो, पण भाव त्याचा. व्याज लावत नाही असं म्हणतो, ते मालाच्या भावात लावतो.

हे गणित मराठी माणसाला नवं नाही. मुंबईच्या गिरणगावात खाणावळवाल्या बायका हेच करत होत्या. गिरणी कामगाराचा पगार झाल्यावर पैसे मिळायचे, तोवर वाण्याकडून आणि सावकाराकडून उधार घ्यायचं. १९६९ साली १४ मोठ्या बँका राष्ट्रीयीकृत झाल्या, पण खाणावळवालीसाठी बँकेचं दार त्यामुळे आपोआप उघडलं नाही. गोवा मुक्तीच्या लढ्यातून आणि कामगार चळवळीतून आलेल्या प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, बँकेत नेलं आणि हजार-दीड हजारांची कर्जं मिळवून दिली. त्या बायकांनी ती फेडली. आज वाळूजला तोच धंदा आहे, गावाकडून आलेला तोच पोरगा आहे, पगार उशिरा आणि किराणा आधी हीच तारखांची ओढाताण आहे. पन्नास वर्षांनीही तिला हे चाळीस हजार कुठून आणायचे याची चिंता असावी, हे मला अजिबात सहन होत नाही.

साहेब : अन्नपूर्णेचं उदाहरण चांगलं आहे, पण तिथे मंडळ मध्ये होतं. कुणीतरी त्या बायकांची हमी घेतली, हिशेब शिकवला, पाठपुरावा केला. म्हणूनच मी म्हणतो, बाईने एकटीने बँकेत येण्यापेक्षा बचत गटातून यावं. १९९२ मध्ये नाबार्डने गटांना बँकेशी जोडायला सुरुवात केली. आज सरकारचं ‘उमेद’ अभियान आहे, माविम म्हणजे महिला आर्थिक विकास महामंडळ आहे. गटाला १० लाखांपर्यंत तारण लागत नाही. ग्रामीण भागातल्या गटाला ३ लाखांपर्यंत ७ टक्क्यांनी कर्ज मिळतं. एवढं स्वस्त पुरुषालाही मिळत नाही.

ताई : गटाचं मला सांगू नका, मी गटातच आहे. गटाला ३ लाख मिळाले आणि बाया दहा. वाटले ३०-३० हजार. मग धंदा करणारी आणि न करणारी सारख्याच. जिला दीड लाख पाहिजे तिलाही तीसच. आणि तिनं दहा वर्षं एक हप्ता न चुकवता फेडलं, तरी ती गटाची पत झाली, तिची नाही. गटातून निघून ती एकटी बँकेत गेली की तुम्ही म्हणता, तुमचा सिबिल काय? म्हणजे गट ही पहिली इयत्ता आहे, आणि आमच्या बाया पंधरा-पंधरा वर्षं पहिलीतच बसून आहेत. दुसरीत कोण घालणार?

साहेब : (थांबून) हे खरं आहे. गटाची परतफेड चांगली म्हणून आम्ही वर कौतुकाचे अहवाल पाठवायचो. त्यातली कोणती बाई पुढे स्वतंत्र कर्जदार झाली, हे कुणी विचारलं नाही. आम्हीही मोजलं नाही.

ताई : म्हणून मग मायक्रोफायनान्सचे कंपनीवाले येतात. दुपारी गल्लीत ‘सेंटर’ भरतं. दहा-पंधरा बाया सतरंजीवर, आधारकार्डं हातात. चाळीस हजार दोन दिवसांत. कुणी विचारत नाही मेस चालते का. एकीनं दुसरीची जबाबदारी घेतली की झालं.

साहेब : आणि व्याज?

ताई : २४ टक्के. कुठं कमी, कुठं जास्त.

आकडेमोड करून बघितली. ४० हजार रुपये, २४ महिने, घटत्या शिलकीवर २४ टक्के. महिन्याचा हप्ता सुमारे २,११५ रुपये, दोन वर्षांत व्याज साधारण १०,७५० रुपये. हेच कर्ज बँकेने ११ टक्क्यांनी दिलं तर हप्ता सुमारे १,८६५ आणि व्याज साधारण ४,७५०. फरक सहा हजारांचा. मेसवालीला सहा हजार म्हणजे दोन पोरांचं महिनाभराचं जेवण. आणि ‘फक्त १२ टक्के फ्लॅट’ असं कुणी सांगितलं तर त्याला भुलू नये. मुद्दल फिटत गेलं तरी व्याज पूर्ण रकमेवरच आकारलं जातं, त्यामुळे त्याचा खरा दर २२ टक्क्यांच्या घरात जातो.

साहेब : इथेच माझा मुद्दा येतो. तुम्ही सगळे ‘कर्ज द्या, कर्ज द्या’ म्हणता. कर्ज म्हणजे उत्पन्न नव्हे. २०१० मध्ये आंध्रात काय झालं? बायकांच्या डोक्यावर चार-चार कंपन्यांची कर्जं, वसुलीचा जाच, शेवटी राज्य सरकारला अध्यादेश काढावा लागला. नोटाबंदीनंतर आपल्या विदर्भात बायका मायक्रोफायनान्सचं कर्ज माफ करा म्हणून रस्त्यावर आल्या. बाई हप्ता बुडवत नाही, लाजेखातर पोटाला चिमटा घेऊन भरते, म्हणून तिला गाठतात. हे सशक्तीकरण आहे का?

ताई : नाही. पण त्या कर्जाला ती का गेली? तुमच्या दारात तिला कुणी उभं केलं नाही म्हणून. त्यांचा जाच झाला म्हणून तुम्ही आणखी हात आखडला, म्हणजे शिक्षा परत तिलाच.

साहेब : रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये नियम कडक केले. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ३ लाखांच्या आत असेल तरच ते मायक्रोफायनान्स. सगळे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर वसुलीला जायचं नाही.

ताई : ३ लाख म्हणजे महिन्याला २५ हजार. आता बघा. नवरा ठेक्यावर, पगार १५ हजार. मेसमधून तिला सुटतात १५ हजार. झाले तीस. म्हणजे ती मायक्रोफायनान्सच्या व्याख्येतून बाहेर. आणि बँक म्हणते, अजून तू आत आलेली नाहीस. चांगला धंदा केला म्हणून ती मधल्या मधे राहिली.

मला या सगळ्या संभाषणात हाच मुद्दा सर्वात मोठा वाटतो. अगदी गरीब बाईसाठी एक व्यवस्था आहे, महाग आणि जाचक असली तरी आहे. मोठ्या उद्योजिकेसाठी योजना आहेत, पुरस्कार आहेत, फोटो आहेत. पोळ्या लाटणाऱ्या दोन बायकांना कामावर ठेवून साठ डबे करू शकेल, अशी मधली बाई कुणाच्याच रकान्यात बसत नाही. बजाजनगर, रांजणगाव, इथलंच पंढरपूर, इथलीच जोगेश्वरी या पट्ट्यात रोजगार वाढवण्याची ताकद तिच्यातच आहे.

ताई : आता तुम्ही सांगा, रिझर्व्ह बँकेने २०१० पासून सांगितलंय ना, लहान उद्योगाला १० लाखांपर्यंत तारण मागायचं नाही?

साहेब : हो. मुद्रालाही तारण नाही. वर सरकारची पतहमी आहे.

ताई : मग घराचा उतारा का मागता? जामीनदार का? नवऱ्याची सही का?

साहेब : शाखाधिकाऱ्याच्या मनात काय चालतं ते सांगतो. ९० दिवस हप्ता आला नाही की खातं एनपीए, म्हणजे थकीत. मग वरून विचारणा, मंजूर कोणी केलं? हमीचे पैसे मिळतात, पण त्याची कागदपत्रं, त्याचा वेळ, आणि तोवर आपली बदली झालेली. बजाजनगरात निम्मी वस्ती भाड्याने राहणारी. भाडेकरार नवऱ्याच्या नावाचा, लाइट बिल घरमालकाच्या नावाचं. कंपनी बंद पडली की कुटुंब गावी निघून जातं. बाईला शोधायचं कुठे? नवऱ्याची सही असली की कंपनीचं ओळखपत्र, पगाराचं खातं, काहीतरी हातात राहतं. हे बाईविरुद्ध नाही, ताई. हे भीतीपोटी आहे.

ताई : पुरुष मेस काढायला आला तर बायकोची सही घेता?

साहेब : गृहकर्जाला घेतो.

ताई : मेसला?

साहेब : ...नाही. मेसला नाही घेत.

ताई : मग ते बाईविरुद्धच झालं की. मनात नसेल, पण झालं.

साहेब यावर काही बोलले नाहीत. त्यांच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. त्यांनी सांगितलेली कागदांची अडचण खरी आहे. बजाजनगर हे कारखान्यांच्या पोटात वाढलेलं गाव. एमआयडीसीच्या भूखंडावरचं घर ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्यावरचं, आणि तो पट्टा बहुतेक घरांत कामगार म्हणून आलेल्या पुरुषाच्या नावाचा. आजूबाजूच्या गावांत ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा मिळतो, पण बऱ्याच शाखा तो तारण म्हणून धरत नाहीत. ग्रामपंचायतीच्या उताऱ्यावर नवरा-बायको दोघांचं नाव लावायचं, असा राज्याचा शासन निर्णय २००३ पासून आहे. २०२१ पासून घर बाईच्या नावाने घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत वाटा देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने देशाच्या आधी, १९९४ मध्ये केली. कायदे पुढे गेले. उताऱ्यावरचं नाव मात्र बहुतेक ठिकाणी जिथं होतं तिथंच आहे, आणि बँक उतारा बघते.

रस्त्यावर भाजी विकणाऱ्या बायकांचंही थोडक्यात असंच. २०२० मध्ये पीएम स्वनिधी आली. पहिलं कर्ज १० हजार, फेडलं की २०, मग ५०. पायरी चढवणारी योजना म्हणून ती मला फार आवडते. पण ती शहरांसाठी, शिफारस नागरी संस्थेची. आणि इथला कारभार ग्रामपंचायतीचा. कारखाने, रहदारी, बाजार सगळं शहरासारखं, कागदावर मात्र गाव. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने योजना २०३० पर्यंत वाढवली, पहिला टप्पा १५ हजारांचा, दुसरा २५ हजारांचा केला आणि शहरालगतच्या वस्त्यांपर्यंत ती टप्प्याटप्प्याने नेण्याचं ठरवलं. इथल्या पंचायत सदस्यांनी याचा पाठपुरावा करायला हवा.

साहेब : एक शेवटचं बोलतो. तुम्ही रागवाल, पण बोलतो. कर्ज बाईच्या नावावर, पैसा नवऱ्याच्या हातात. मी स्वतः पाहिलंय. शिलाई मशीनचं कर्ज आणि दारात मोटारसायकल. श्रीलंकेत अर्थतज्ज्ञांनी प्रयोग केला होता. लहान धंदेवाल्यांना भांडवल फुकट दिलं. पुरुषांच्या धंद्यात नफा चांगला वाढला, बायकांच्या धंद्यात सरासरी काहीच वाढला नाही. मग बाईला मोठं कर्ज देऊन उपयोग काय?

ताई : मोटारसायकलचं खरं आहे. मीही बघितलंय.

त्या प्रयोगाची पुढची गोष्ट साहेबांनी सांगितली नाही, ती मी सांगते. एरिका फील्ड, रोहिणी पांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये श्रीलंकेची ती माहिती, आणि तिच्यासोबत घाना आणि भारतातली, पुन्हा तपासली, या वेळी घर धरून. ज्या घरात नवऱ्याचाही धंदा होता, तिथे बाईचं भांडवल त्याच्या धंद्याकडे वळलं होतं. ज्या घरात धंदा एकट्या बाईचाच होता, तिथे तिला मिळालेला परतावा पुरुषांच्या बरोबरीचा निघाला. म्हणजे बाईच्या हातात पैसा वाढत नाही असं नाही, तो तिच्या हातात राहिला तर वाढतो. बजाजनगरात नवरा कंपनीत आणि धंदा बायकोचा, अशी घरं गल्लोगल्ली आहेत. त्या अभ्यासाच्या हिशेबाने मोठं कर्ज द्यायला हीच सर्वात योग्य घरं.

आणखी एक प्रयोग कोलकात्याचा. तिथे काही बायकांचा पहिला हप्ता दोन आठवड्यांनी न घेता दोन महिन्यांनी सुरू केला. त्यांनी धंद्यात जास्त पैसा घातला आणि पुढे नफाही जास्त कमावला.

साहेब : थकबाकीही वाढली असेल.

वाढली. हे लपवण्यात अर्थ नाही. सवलत दिली की धंदा वाढतो आणि धोकाही वाढतो. तो धोका पतहमी योजनेने उचलायचा, शाखाधिकाऱ्याच्या नोकरीने नव्हे.

ताई : साहेब, माझं मागणं तेवढंच आहे. पुरुषाच्या धंद्यात तुम्ही धोका घेता. तेवढाच आमच्यात घ्या.

साहेब : म्हसवडची माणदेशी बँक ठाऊक आहे ना? चेतना सिन्हा यांनी परवाना मागितला तेव्हा पहिल्यांदा नकार आला, कारण सभासद बायका निरक्षर. त्या लिहा-वाचायला शिकल्या, पुन्हा गेल्या, व्याजाचं तोंडी गणित करून दाखवायला तयार झाल्या. १९९७ मध्ये परवाना मिळाला. आमच्या प्रशिक्षणात हे उदाहरण असतं तर बरं झालं असतं. आम्हाला फक्त कागद तपासायला शिकवलं.

ताई : अजूनही वेळ गेली नाही. निवृत्त झालात, आता आमच्या बायांचे अर्ज भरून द्या.

साहेब : देतो. पण अट आहे. वही पाहिजे आणि क्यूआर बाईच्या नावाचा पाहिजे.

ताई : कबूल.

कर्जाने सगळं सुटेल असं मला वाटत नाही, आणि वसुलीच्या जाचाबद्दल साहेबांचं म्हणणं खरंच आहे. तरीही माझं मत ताईंच्या बाजूचं आहे. बाईला हप्ता फेडणारी म्हणून सगळे ओळखतात, मालकीण म्हणून बँक ओळखत नाही, आणि ते बदलण्याची पहिली जबाबदारी बँकेची आहे.

मेस, शिलाई, पार्लर, भाजीची गाडी चालवणाऱ्या वाचक बहिणींना एवढंच सांगते. बँकेत तोंडी विचारून परत येऊ नका. लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. पोच देणं बँकेवर बंधनकारक आहे. नकार मिळाला तर कारण लेखी मागा. रिझर्व्ह बँकेच्या २००३ च्या नियमावलीपासून लहान कर्जदाराला नकाराचं कारण लेखी मिळण्याचा हक्क आहे. कर्ज बँकेकडून घेतलं किंवा मायक्रोफायनान्स कंपनीकडून, तरी सही करण्याआधी खरा वार्षिक दर लिहिलेला तपशीलपत्रकाचा कागद मागा. १ ऑक्टोबर २०२४ पासून तो देणं सक्तीचं आहे. तक्रारीला ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे दाद मागता येते. तिथे तक्रारीला फी लागत नाही, वकील लागत नाही आणि नवऱ्याची सहीही लागत नाही.